पुराव्यामागचा माणूस

(शिरड शहापूर, जि. हिंगोली येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की शिरड शहापूरसारख्या गावात घरोघरी एकच खल सुरू होतो. मुलाने वा मुलीने पुढे काय शिकावे? शेती सोयाबीन-हळदीची, तीही पावसाच्या आणि बाजारभावाच्या लहरीवर चालणारी. तेव्हा ज्या शिक्षणातून लवकर पगार हाती येईल ते खरे शिक्षण, बाकीचे वाया, असा हिशेब पालक मांडतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु या हिशेबात इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय, दुसरीकडे कोठे प्रवेश मिळाला नाही म्हणून पत्करायचे विषय ठरतात, आणि संगणकाशी संबंधित असलेले सारे काही आपोआप श्रेष्ठ ठरते. या समजुतीची तपासणी एका नव्या व्यवसायाच्या निमित्ताने करणे आज अगत्याचे झाले आहे. तो व्यवसाय म्हणजे डिजिटल न्यायसहायक विज्ञानाचा, व्यवहारात ज्याला डिजिटल फॉरेन्सिक म्हणतात त्याचा.

या व्यवसायाला मागणी आहे आणि ती वाढणार आहे, यात शंका नाही. १ जुलै २०२४ पासून देशात तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यांतील भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले असून, त्याची व्यवस्था उभारण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून सादर करताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरावयाचा आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. म्हणजे या गावातील मुलीनेही उद्या अशा प्रयोगशाळेत नोकरी मिळवावी, ही आकांक्षा अवास्तव नाही. प्रश्न इतकाच की तेथे बसून ती जे काम करील, त्यासाठी यंत्राचे ज्ञान तिला पुरेल काय?

यंत्राचे काम कसे चालते ते थोडक्यात पाहू. जप्त केलेला फोन वा संगणक तज्ज्ञ थेट चाळीत बसत नाही. त्यातील माहितीला धक्का लागणार नाही अशी व्यवस्था करून तो तिची हुबेहूब प्रत काढतो. मग त्या माहितीवरून गणिती रीतीने एक लांबलचक अक्षर-अंकांची खूण तयार होते. तिला 'हॅश' म्हणतात. माहितीत एका अक्षराचा जरी बदल झाला तरी ही खूण बदलते. जुन्या काळी पाकिटावर लाखेचा शिक्का मारीत, तसाच हा शिक्का समजावा. त्यानंतर पुसलेले संदेश परत मिळविणे, छायाचित्र कोणत्या वेळी काढले गेले ते पाहणे, फोन कोणत्या टॉवरच्या कक्षेत होता ते शोधणे, ही कामे होतात. ही सारी विद्या कष्टाने मिळविण्यासारखी आहे. पण तिच्यातून सिद्ध होते ते एवढेच की अमुक नोंद अमुक यंत्रात होती आणि तिच्यात फेरफार झालेला नाही. ती नोंद कोणी केली, कशासाठी केली, तिचा अर्थ काय, हे प्रश्न उरतातच. न्यायालयाला उत्तर हवे असते ते याच प्रश्नांचे.

हा पेच संगणकाबरोबर जन्मला असे मानू नये. महाराष्ट्राने तो दीडशे वर्षांपूर्वीच पाहिला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आठवडी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ले केले, आणि मग पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत दंग्यांचे लोण पसरले. या दंग्यांचा विशेष असा की शेतकऱ्यांचा रोख मुख्यत्वे कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. कागद हाती पडले, ते जाळले, की जमाव बहुधा पांगे. असे का? कारण न्यायालयात तो कागद अजिंक्य होता. त्यावर कुणब्याचा अंगठा वा निशाणी असे, साक्षीदार असत, तारीख असे. कागद बनावट नव्हता. परंतु तो ज्या व्यवहारातून जन्मला तो व्यवहार मात्र बरोबरीच्या दोन माणसांतील नव्हता. वाचता न येणाऱ्या माणसाने दुष्काळात, सारा भरण्याच्या घाईत, मुद्दलात मागचे व्याज मिसळून लिहिलेल्या रकमेखाली तो अंगठा उठविलेला असे.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. या कायद्यातील एक तरतूद आजच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. केवळ रोखा पाहून न्यायाधीशाने निकाल देऊ नये; व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल किती, व्याज किती, मोबदला खरोखर काय दिला हे पाहावे, असे कायद्यानेच सांगितले. म्हणजे कागदाच्या मागे जाण्याची आज्ञा न्यायालयाला झाली. ही आज्ञा पाळायची तर पीकपाणी, सारा, सावकारी आणि जातिव्यवस्था समजणे भाग होते. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र न्यायदानात शिरले ते या वाटेने. आजचा डिजिटल पुरावा हा त्या रोख्याचाच वारस आहे.

आता अलीकडची एक घटना घेऊ. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या आदिवासी गावी आठवडी बाजार भरला होता. तेथे आलेल्या पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठार मारले. हे पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे होते; बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातील. भिक्षा मागणे हा त्यांच्या जमातीचा पिढीजात व्यवसाय. मुले पळविणाऱ्यांविषयीच्या अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. मारहाणीची चित्रणेही लोकांनी फोनवर घेतली, आणि त्याच चित्रणांचा उपयोग पुढे आरोपींची ओळख पटविण्यास झाला.

तंत्रज्ञ येथे काय सांगू शकतो? चित्रणात कोण दिसतो, ते कोणत्या फोनवर घेतले, कोणाला पाठविले, हे तो सांगू शकतो. अफवेचा मूळ स्रोत शोधणे त्याला अवघड जाते, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश २०१६ पासून पाठविणारा आणि घेणारा यांखेरीज कोणाला वाचता येत नाहीत. तरीही काही धागे सापडले. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत कराचीतील होती, आणि तीही मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली. मुलाला उचलून नेणारे मोटारसायकलस्वार त्याला परत आणून सोडतात आणि इशाऱ्याचा फलक दाखवितात, हा तिचा शेवट कोणी तरी कापून टाकला होता. जुलै २०१८ मध्येच त्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर मर्यादा घातली.

पण मुख्य प्रश्न तसाच राहतो. बाजारात त्या दिवशी परगावचे अनेक लोक आले असणार. संशय याच पाच जणांवर का आला? याचे उत्तर कोणत्याही फोनच्या स्मृतीत मिळणार नाही. ते मिळेल १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या इतिहासात. त्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या, त्यांची हजेरी घेतली, त्यांना वसाहतींत डांबले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती मुक्त झाल्या. पण भटका म्हणजे चोर, ही समजूत कायद्याबरोबर रद्द झाली नाही, आणि कायद्याच्या यादीत ज्यांचे नावही नव्हते अशा भिक्षेकऱ्यांनाही तिने घेरले. एकेकाळी सुगीच्या दिवसांत डौर वाजवीत येणाऱ्या गोसाव्याला गाव ओळखत असे, सुपातून जोंधळे घालीत असे. गावाची वहिवाट बदलली, ती ओळख पुसट झाली आणि उरला तो केवळ परका चेहरा. दुसरीकडे, ज्या आदिवासी पट्ट्यात हे घडले तेथील माणसालाही शासनाचा भरवसा वाटत नव्हता. पोलीस वेळेवर येतील असा विश्वास असता तर जमावाने हात उचलण्यापूर्वी विचार केला असता काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. अफवा ही ठिणगी होती. जळाऊ लाकूड आधीपासूनच रचलेले होते. ज्या तपासनिसाला हे ठाऊक नाही तो आरोपी पकडील, पण पुढचे राईनपाडा कोठे घडू शकेल ते त्याला सांगता येणार नाही.

दुसरे उदाहरण मराठवाड्यातलेच, जालन्याचे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे असे की, २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनची मुदत टळल्यावर खोतकरांचे अर्ज स्वीकारले गेले, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणात ते दिसते. चित्रणाच्या प्रती न्यायालयात आल्या. परंतु त्यांसोबत लागणारे प्रमाणपत्र, वारंवार मागूनही, शासकीय यंत्रणेने दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ साली निवडणूक रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला. प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मात्र पक्षकाराने शक्य ते सारे करूनही ज्याच्या हाती यंत्र आहे तो ते देत नसेल, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करीत नाही, असे न्यायालयाने ठरविले. अन्य पुरावाही असल्यामुळे उच्च न्यायालयाचा निर्णय कायम राहिला. तोवर त्या विधानसभेची मुदतच संपून गेली होती, ही गोष्ट निराळी.

डिजिटल पुराव्याविषयी देशभर आधारभूत मानल्या गेलेल्या या निकालात पेच यंत्राचा होता की सत्तेचा? यंत्र चालू होते, चित्रण झाले होते. अडले ते एका सहीपाशी, आणि ती सही ज्याच्या हाती होती तो कार्यालयात बसला होता. एक माजी आमदार हा झगडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेऊ शकला. औंढा नागनाथ तालुक्यातील एखाद्या शेतमजुरावर असा प्रसंग आला तर तो कोठवर जाईल? पुराव्यावर ताबा कोणाचा, हा राज्यशास्त्राचा प्रश्न आहे. आणि प्रयोगशाळेतील तज्ज्ञ त्या ताब्याच्या साखळीतील एक कडी असतो.

यंत्रावर आंधळा विश्वास ठेवल्याने काय होते, याचा धडा इंग्लंडने दिला आहे. तेथील टपाल खात्याने १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची संगणकप्रणाली आणली. ती चुकीची तूट दाखवी. खात्याने मात्र चोरीचा ठपका लहान टपाल कचेऱ्या चालविणाऱ्यांवर ठेवला. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जणांना शिक्षा झाल्या. त्यांत भारतीय वंशाची एक गर्भवती स्त्रीही २०१० साली तुरुंगात गेली. संगणक बरोबर चालतो असे कायदा गृहीत धरीत असे. तो चुकला हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर, आणि ते सिद्ध करण्याची साधने मात्र कंपनीपाशी. २०१९ साली न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि २०२४ साली संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. या खात्याच्या तपासनिसांना दिलेल्या कागदपत्रांत संशयितांची वर्णावरून, तीही अपमानास्पद शब्दांनी, वर्गवारी करण्याची पद्धत होती, हे २०२३ साली उघड झाले. यंत्राची चूक आणि माणसाचा पूर्वग्रह असे दोन्ही एकत्र आले म्हणजे निरपराध माणसाला वाट उरत नाही.

तज्ज्ञ तरी पूर्वग्रहातून मुक्त असतो काय? निना सुंडे आणि इटिएल ड्रोर या दोन संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने विचार करायला लावणारा आहे. त्यांनी ५३ डिजिटल तज्ज्ञांना तपासण्यासाठी एकच पुरावा दिला. पण प्रकरणाची पार्श्वभूमी वेगवेगळी सांगितली. कोणाला संशयित दोषी वाटेल अशी, कोणाला तो निर्दोष वाटेल अशी, तर कोणाला काहीच सांगितले नाही. निर्दोषत्वाची सूचना ज्यांना मिळाली त्यांना सर्वांत कमी खुणा सापडल्या. इतकेच नव्हे, तर एकच माहिती मिळालेल्या तज्ज्ञांचेही आपापसांत जमले नाही. पुरावा तोच, यंत्र तेच. बदलला तो पाहणारा. हे मानसशास्त्राचे काम आहे. ते ज्याने वाचले आहे तो निदान स्वतःच्या डोळ्यांवर पहारा ठेवील.

आता ही चर्चा याच गावात आणून पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे होता. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे ४७ टक्के होते. याचा अर्थ अर्ध्याहून अधिक ग्रामीण स्त्रिया फोन वापरीत असतील तर तो नवऱ्याचा, मुलाचा वा सासऱ्याचा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात एकच फोन खोपीतील सगळ्यांच्या हाती फिरतो. सिमकार्ड एकाच्या नावे, फोन दुसऱ्याचा, वापर तिसऱ्याचा. शहरात वाढलेला तज्ज्ञ एक फोन म्हणजे एक माणूस असे गृहीत धरतो. हे गृहीतक येथे लावले तर भावाने पाठविलेल्या संदेशासाठी बहीण आरोपी ठरेल.

भाषेचेही तसेच. 'माल पोचला, पैसे सोड' असा संदेश फोनमध्ये सापडला. अमली पदार्थांच्या प्रकरणात डोके गुंतलेल्या तपासनिसाला त्यात गुन्हा दिसेल. हिंगोली वा वसमतच्या बाजारात हळद विकणाऱ्याला त्यात हळदीची पोती दिसतील. 'त्याला बघून घेतो' ही धमकी केव्हा आणि नुसता त्रागा केव्हा, हे बोलणाऱ्यांचे नाते जाणल्याशिवाय कळत नाही. शिवाय आपली मुले मराठी लिहितात ती रोमन लिपीत, प्रत्येकजण आपल्या मनाप्रमाणे. ठरावीक शब्द शोधणाऱ्या यंत्राला त्यातील निम्मे कळत नाही. बोली जाणणारा, गावगाडा जाणणारा माणूस त्या खुर्चीवर नसेल तर निरपराधाला गोवले जाण्याचा आणि अपराधी सुटण्याचा धोका सारखाच असतो.

अर्थशास्त्राची गरज तर पावलोपावली लागते. लोकांना फसवून उकळलेला पैसा ठगाच्या स्वतःच्या खात्यात जात नाही. तो आधी दुसऱ्यांच्या खात्यांतून फिरतो. ही खाती कोणाची? बहुधा चार पैशांसाठी आपले खाते आणि एटीएम कार्ड वापरायला देणाऱ्या बेरोजगार तरुणांची. पोलिसांचा माग प्रथम पोचतो तो त्यांच्यापर्यंत, कारण आधार क्रमांकासह त्यांचा पत्ता नोंदलेला असतो. कायद्याने ते निर्दोष नाहीत. परंतु तपास तेथेच थांबला तर सर्वांत गरीब दुवा तुरुंगात जातो आणि नफा खाणारा मोकळा राहतो. पैसा कोठून आला आणि शेवटी कोणाच्या पदरात पडला, हा प्रश्न विचारण्याची सवय अर्थशास्त्र लावते. दख्खनच्या शेतकऱ्याच्या रोख्याबाबत १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला हाच प्रश्न विचारायला लावले होते.

एक आक्षेप येईल. तज्ज्ञाने वस्तुनिष्ठ असावे; समाजाचा विचार तो करू लागला तर दयाबुद्धीने निर्णय फिरवील. आक्षेप गंभीर आहे, म्हणून उत्तर स्पष्ट असावे. सामाजिक शास्त्र दया शिकवीत नाही. ते पद्धत शिकवते. नमुना कसा निवडला, नोंद कोणी ठेवली, कोणाची नोंद झालीच नाही, एकाच वस्तुस्थितीची दुसरी कारणे संभवतात काय, हे विचारणे म्हणजेच वस्तुनिष्ठता. एखाद्या वस्तीतील अटकांची आकडेवारी मोठी असेल, तर तेथे गुन्हे अधिक होतात असेही असेल, किंवा पोलीसच तेथे अधिक फिरकतात असेही असेल. जुन्या नोंदवह्या संगणकात भरल्या म्हणून त्यांतील जुने ग्रह पुसले जात नाहीत. जो हे जाणतो तो आपल्या अहवालात किती सिद्ध झाले आणि किती झाले नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो.

तेव्हा विद्यार्थ्यांना आणि पालकांना सांगावयाचे ते इतकेच. विज्ञान घेऊन या व्यवसायात जाणाऱ्यांनी संगणक, गणित आणि कायदा कसून शिकावा. पण भटक्या-विमुक्तांचा इतिहास, खेड्याचे अर्थकारण, साक्ष आणि स्मृती यांचे मानसशास्त्र हेही आपल्या कामाचाच भाग मानावे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी न्यूनगंड टाकावा. बँकांतील गैरव्यवहारांचा तपास, कायद्याचे क्षेत्र, पीडितांना साहाय्य करणाऱ्या संस्था येथे त्यांच्या ज्ञानाची गरज आहे, मात्र आकडेशास्त्र आणि संगणकाची ओळख त्यांनी करून घेतली पाहिजे. आणि शासनाने प्रयोगशाळांत यंत्रे घेताना, ती कोणावर चालणार आहेत याचे शिक्षण देणारे अध्यापकही नेमावेत. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. विरुद्ध बाजूचा अहवाल तपासणारा तज्ज्ञही त्याला सरकारी खर्चाने मिळावा, ही मागणी आता झाली पाहिजे.

उद्या या परिसरातील एखाद्या वस्तीवरचा फोन जप्त होईल, मोहोरबंद पाकिटातून प्रयोगशाळेत जाईल आणि एका टेबलावर ठेवला जाईल. त्या टेबलाशी बसलेली मुलगी कदाचित याच गावची असेल. तिचा अहवाल चार पानांचा असेल आणि त्यावर कोणाचे तरी दहा वर्षांचे आयुष्य अवलंबून असेल. ती सही करताना, हा फोन ज्या घरातून आला ते घर कसे असेल एवढा विचार तिच्या मनात येऊन जावा, आणि तो विचार तपासाच्या शिस्तीत कसा बसवायचा हे तिला शिकविलेले असावे.